अकरा दिवस न हललेलं वादळ

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. गुडघे सोडून मी खुशाल आहे. तुझा खोकला कसा आहे? (मुद्दाम पत्र लिहितेय. फोन तुझे यजमान उचलतात आणि ‘ती झोपलीय’ म्हणतात. सकाळी दहाला कोण झोपतं गं?)

तर आनंदाची बातमी. माझी नात हवामानाच्या कचेरीत जुनी वादळं मोजते. समुद्रात वादळं खरंच वाढली, की आता आकाशातून फोटो निघतात म्हणून जास्त दिसतात, हे तिला शोधायचंय. पूर्वी भर समुद्रातलं वादळ एखाद्या जहाजाला दिसलं तरच वहीत यायचं, नाहीतर आलं काय नि गेलं काय. म्हणून तिने माळ्यावरून आजोबांच्या नोंदवह्या काढल्या. आमचे हे आणि तुझे यजमान, दोघे साडू, बंदरावर वादळाचा बावटा चढवायच्या नोकरीला. बावटा वर असेतो चौकी सोडायची नाही. आणि बाई, माझा अर्धा संसार ‘वादळ आहे, येता येत नाही’ या निरोपावर झाला! घराला रंग काढला, वादळ. पोरीला गोवर आला, वादळ. मी बोलले नाही कधी, पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

नातीने एकेक तारीख जहाजांच्या नोंदींशी ताडून पाहिली. वह्यांतल्या सात वादळांपैकी सहा खरी निघाली! मला इतका आनंद झाला की यांचा फोटो मी पदराने पुसला. (एरवी फडक्याने पुसते.) चाळीस वर्षं उगीच संशय घेतला माणसावर.

सातव्याला मात्र पोरगी खुर्चीतून उठलीच. “आजी, हे अकरा दिवस एकाच जागी बसलं होतं! असं वादळ कुणी पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात मोठ्या साहेबांपुढे मांडते.” वादळ म्हणे पाणी पिऊन फुगतं आणि पुढे चालू लागतं, असा मुक्काम ठोकत नाही. मी तारीख विचारली. तिने वाचली. मी वही तिच्या हातातून घेतली.

धाकटे, त्या दिवशी मी गच्चीवर चार गाद्या उन्हात घातल्या होत्या. पान हलत नव्हतं. गाद्या कशाला, तर आपली आई राहायला यायची होती. अकरा दिवस राहिली, आठवतंय? बाराव्या दिवशी ती गाडीत बसली, आणि वहीत काय लिहिलंय? ‘वारा पडला. समुद्र शांत. बावटा उतरवला.’ (अकरा दिवस ज्यांच्या होड्या किनाऱ्याला बांधून होत्या, त्यांचे तळतळाट कुणाला लागले असतील?) खाली सह्या दोन आहेत. पहिला सहीवाला फोटोत हसतोय. दुसरा तुझ्या घरात फोन उचलतो.

आता मी सांगितलं तर हे गेल्यावर खोटे पडतात, नाही सांगितलं तर पोरगी साहेबांपुढे तोंडघशी पडते. तेव्हा जित्या सहीवाल्यानेच खरं काय ते दोन ओळींत लिहून द्यावं.

तुझी,
थोरली

ता. क. हातात गरम चहा असताना विचार. उत्तर रचायला सुचत नाही.

आणखी एक ता. क. तो कागद न्यायला मीच येते. शुक्रवारी पोचेन, महिनाभर राहीन. यजमानांना आधी कळवू नकोस. आणि मला दारात बघून त्यांना बंदरावरचं काही काम आठवलंच, तर सांग, नात रोज आकाशातला फोटो बघून मला कळवणार आहे.