पहिलं लेबल, मग ब्रश

३ नोव्हेंबर
निपाणीजवळच्या तलावावर रुजू झालो. मच्छे गावातल्या कारखान्यातल्या जुन्या कामापेक्षा लई झकास. निवेदिता मॅडम बेळगावच्या, तलावाची तब्येत तपासतात. पाण्यातल्या दगडावरचा तपकिरी बुळबुळीत थर दात घासायच्या ब्रशानं घासून बाटलीत भरायचा. त्यात डायटम असतात, काचेच्या कवचाचं बारीक शेवाळ. चांगल्या पाण्यात एक जात, गटाराच्या पाण्यात दुसरी. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. नुसत्या होड्याच होड्या! सातवीत शाळा सोडलेल्याला एवढं कोण दाखवतंय?

६ नोव्हेंबर
आदर्श सदलग्याचा, बी.एस्सी. कवचं मोजायला तोच. मॅडम त्याला म्हणतात "आदर्श, हे बघ रे", मला "बादली आण". प्रत्येक दगडाला नवा ब्रश, आणि घासायच्या आधी बाटलीवर लेबल. आज मी विसरलो, तर मॅडमसमोर म्हणाला, "भरमू, पहिलं लेबल, मग ब्रश. न्हाय तर दगड कुठला आन् तू कुठला, कोण सांगणार रं?" मॅडम हसल्या. त्यांचं हसणं दिवसभर कानात राहिलं.
काम संपल्यावर बेळगावच्या लॅबमध्ये दोघांतला एकच कायम होणार.

१० नोव्हेंबर
गटार मिळतं तिथला वापरलेला ब्रश टाकला न्हाय. वरवर धुतला, आज आदर्शच्या हातात नवा म्हणून दिला.

१२ नोव्हेंबर
स्वच्छ काठाच्या बाटलीत गटारातली कवचं निघाली. मॅडम त्याला लई बोलल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? तो जेवला न्हाय. उद्या खोल पाण्यातले दगड काढतो म्हणाला, माझ्या कमरेचा दोर तू धर.

१३ नोव्हेंबर
आदर्श खोल पाण्यात घसरला. दोर माझ्या हातात. तीन हिसके बसले. ओढला न्हाय—
सगळ्यांना सांगितलं, दोर सुटला, बुडाला.

१९ नोव्हेंबर
लॅबमध्ये मीच. मॅडम नावानं हाक मारतात. त्याच्या स्टुलावर बसतो. पण सकाळी दातात कचकच, वाळूगत.

२२ नोव्हेंबर
थुंकी काचेवर घेऊन बघितली. होड्या. दोन्ही जातीच्या, त्या बाटलीत होत्या तशाच—

२४ नोव्हेंबर
पाठ बुळबुळीत. तपकिरी. साबणानं जात न्हाय—

२५ नोव्हेंबर, सकाळ
दंडावर लेबल. अक्षर आदर्शचं. जागा, निपाणी तलाव. तारीख आजची. दगडाच्या नंबराच्या जागी माझं नाव. निघंना.
दार बंद हाय. मागं पाणी ठिबकतंय.
लेबल झालं. आता पाठीवर काहीतरी ओलं, खरखरीत, वरून खाली, वरून खा—