मुलगा घरी राहतो का

अण्णा,

आज सकाळी मी एका सरकारी कागदावर लिहून दिलं की माझा मुलगा त्याच्या घरी राहत नाही. खाली सही केली आणि नात्याच्या रकान्यात 'आई' असं लिहिलं. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहावंसं मला कधी वाटलं नाही, आणि आजही हौस म्हणून लिहीत नाही. असा एक कागद मी पूर्वीही लिहिला होता. त्यात नेमकं उलटं होतं, आणि तो तुम्ही सांगितला होता. तुम्ही आणि मी सोडून तो कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही, म्हणून बोलायचं तर तुमच्याशीच.

मी अमेरिकेत आहे, मिनेसोटा राज्यात, ईडन प्रेरी नावाच्या गावात. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर आला, मग लग्न करून सुनेला घेऊन आला. नात तीन वर्षांची आहे, इथेच जन्मली. सून एम.कॉम. आहे, पण तिचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, आणि त्यात तिने नोकरी करायची नाही. मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन सहा महिन्यांसाठी आले ती नातीला सांभाळायला, असं मला सांगण्यात आलं होतं. आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलाने दोन सुटकेसी भरल्या आणि गाडीने वीस मिनिटांवर एक अपार्टमेंट घेतलं. तिथे त्याच्याबरोबर त्याच्या ऑफिसमधली एक बाई राहते. मला म्हणाला, "आई, थोडे दिवस स्पेस हवी आहे." मी म्हटलं, "स्पेस तुला हवी आणि घर सांभाळायला मला बोलावलंस." लीजवर सही असल्यामुळे भाडं तो भरतो. बाकी घरात दोन महिने त्याने काही दिलेलं नाही. सुनेला एकच सांगतो, तिकीट काढून देतो, इंडियात जा. मी आणलेले डॉलर नातीच्या कानाच्या औषधात आणि दुधात संपले.

सुनेने मला न सांगता एक अर्ज केला. नातीचा कान पुन्हा वाहायला लागला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं की बाप घर सोडून गेला आणि आईला मिळकत नसली, तर मुलासाठी इथे काउंटीकडून दरमहा मदत मिळते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. मूल इथलं, म्हणून मदत मुलाच्या नावाने. मात्र बाप खरोखरच घरात राहत नाही, हे सिद्ध व्हावं लागतं. सुनेने फॉर्म भरला आणि गप्प बसली. मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते तिला ठाऊक होतं. तुमच्या घरात वाढलेल्या बाईच्या सुनेने सरकारकडे हात पसरणं याबद्दल माझं एक लांबलचक भाषण तयारच असतं.

त्यांनी चौकशीसाठी फोन केला, तो मी घेतला. एका बाईने मुलाचं नाव घेऊन विचारलं, हे गृहस्थ तिथे राहतात का? मी म्हटलं, "अर्थात. माझा मुलगा आहे तो. कामावर गेलाय, संध्याकाळी येईल." बी.ए.च्या इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत सांगितलं. मी सगळ्यांना तेच सांगत होते. भारतातून फोन आला की तो अंघोळीला गेलेला असायचा. रविवारी आपली मंडळी एकाच्या तळघरात बुद्धवंदनेला जमतात, तिथे तो टूरवर असायचा. एकजण हसत म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा प्रेसिडेंटपेक्षा बिझी झाला की काय यार! दोन महिने दर्शन नाही." मी म्हटलं, "टूर लांबलीय." त्याच्या बायकोने न विचारता माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि नजर वर केली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ते सगळ्यांना माहीत आहे.

आठवड्याने नकाराचं पत्र आलं. बाप घरात राहतो, सबब त्याचा पगार धरण्यात आला, सबब मदत देय नाही. सून ओट्यापाशी उभी राहून ते दोनदा वाचते. मग घडी घालते.

"आई, मागच्या गुरुवारी फोन तुम्ही घेतला होता?"

"फोन रोज मीच घेते."

"काउंटीची बाई होती ती."

"मला वाटलं बँकेची."

"आणि बँकेची असती तर?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. नातीच्या वाटीत भात कालवायला बसली. तीस वर्षं मी वर्गात उभी राहून मुलींना खाली बघायला लावलं. त्या दिवशी मी खाली बघितलं.

काल रविवारी मुलगा जेवायला आला. मीच बोलावलं होतं. दारात बर्फ झटकला, पण कोट भिंतीतल्या कपाटात अडकवला नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकला, पाहुणे टाकतात तसा. दोनदा वरण घेतलं. सून मुलीचे कपडे धुवायला खाली गेली तशी म्हणाला, "आई, तू बरोबर सांगितलंस. पुन्हा कुणी विचारलं तरी तेच सांग."

"का?"

"अगं, ते लोक माझ्या पेचेकच्या मागे लागतील. ऑफिसला लेटर जाईल. माझं ग्रीन कार्डचं प्रोसेसिंग चाललंय, आत्ताच नेमकं हे नकोय मला."

"आणि पोरगी?"

"तिचं काय? इंडियात जाईल. तू आहेस ना तिकडे!"

नात टेबलाखाली बसून ऐकत होती. बाहेर आली, त्याचा कोट ओढत त्याच्याजवळ नेला आणि म्हणाली, "डॅडी, आर यू गोइंग होम नाऊ?" घर कुठलं, याबद्दल तिच्या मनात काही गोंधळ नव्हता. तो हसला, कोट घातला आणि गेला. मी ताटं घासायला घेतली, आणि नळाखाली हात असताना मला ती म्हातारी आठवली.

तुम्हालाही ती आठवत असणार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. तुम्ही तहसील कचेरीच्या पुरवठा विभागात कारकून, आपल्या वस्तीतले पहिले. कचेरीतलं काम उरलं की घरी आणायचात आणि माझं अक्षर चांगलं म्हणून नक्कल मला करायला द्यायचात. तेव्हा रेशनवर अमेरिकेचा लाल गहू येत होता. वस्तीतली एक विडी वळणारी बाई, कडेवर मूल, दोन महिने तुमच्या टेबलापाशी येत होती. नवरा नागपूरला दुसरीकडे राहायला गेला होता आणि जाताना रेशनकार्ड घेऊन गेला होता. तिला त्याचं नाव कमी करून स्वतःचं वेगळं कार्ड हवं होतं. तुम्ही म्हणालात, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लागेल. म्हणून ती सासूला घेऊन आपल्या घरी आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोघी बसल्या. आई चहा टाकते आहे. मी पाटावर कागद ठेवून तयार आहे. तुम्ही विचारता, "मुलगा घरी राहतो का?"

म्हातारी पदर सारखा करते. "राह्यते नं जी. कामाले गेला. सांजच्याले येते."

सून तिच्याकडे बघतच राहिली. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "लिही." मी लिहिलं. तो नागपूरला कुठल्या गल्लीत राहतो हे तुम्हाला माहीत होतं, आईला माहीत होतं, मलासुद्धा माहीत होतं. तुम्ही तो जबाब वाचून दाखवलात, शाईचा डबा पुढे केलात, म्हातारीने अंगठा उठवला. विडीवाली बाई उठताना एवढंच म्हणाली, "सायेब, आणखीन एक डाव पुसा ना तिले." तुम्ही विचारलं नाहीत.

त्या गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, ती खोटं बोलली. तुम्ही रागावलात. तसे तुम्ही माझ्यावर फार वेळा रागावला नाहीत, म्हणून शब्द लक्षात आहेत. "माणसाने सांगितलं ते कागदावर येतं, वस्तीने सांगितलं ते नाही. उद्या आपल्या माणसाला सवलत दिली म्हणून बोट दाखवतील, तेव्हा तू येणार आहेस का जबाब द्यायला?" खरं होतं ते. त्या टेबलावर आपल्यापैकी दुसरं कुणी बसलेलं नव्हतं, आणि तुमची एक चूक धरायला दहा जण टपले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी तुम्हाला दोष दिला नाही. मी सगळा दोष म्हातारीला दिला. नातवाच्या तोंडचं काढून घेणारी आजी कसली, असं मी कॉलेजात मैत्रिणींना चढ्या आवाजात सांगायची. सहा महिन्यांनी ती विडीवाली मूल घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. कार्डावर चार नावं राहिली आणि घरात एकटी म्हातारी. मुलगा आता येणार असल्यासारखी ती संध्याकाळी दिवा लावून बाहेर बसायची. येता-जाता मी तिला नमस्कारही करत नव्हते.

ताटं घासून झाल्यावर मी सुनेला म्हटलं, "उद्या त्या कचेरीत जाऊ." ती म्हणाली, "आई, तुम्ही नका येऊ. नंतर तुम्हाला त्रास होईल. तो तुमचा मुलगा आहे." मी म्हटलं, "म्हणूनच येते. आणि पहाटे पोळ्या करून ठेव, तिथे किती वेळ बसवतात कोण जाणे." ती हसली, बऱ्याच दिवसांनी. शेजारच्या काकूंनी आम्हाला गाडीने सोडलं आणि वाटेत एकही प्रश्न विचारला नाही.

कचेरीतली बाई माझ्याच वयाची, सर्दीने बेजार, नाक पुसत पुसत फाइल उघडणारी. समोर बसल्या बसल्या मी सांगितलं की फोनवर मी सांगितलं ते खरं नव्हतं. तिने वर पाहिलं. मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार. तिने विचारलं, "तुमचा मुलगा घरी राहतो का?" मी म्हटलं, "नाही." आणि मग, अण्णा, तिने दुसरा प्रश्न विचारला. "त्याचा हिवाळी कोट कुठे टांगलेला असतो?"

बाहेर शून्याखाली होतं. या गावात माणूस कोटाशिवाय कचरा टाकायलासुद्धा बाहेर पडत नाही. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला तो कोट मला दिसला. मी म्हटलं, "तिकडे. तो आता राहतो तिथे." ती "ओके" म्हणाली आणि तिने लिहून घेतलं. एवढंच लागतं, अण्णा. सवलत नाही, ओळख नाही, नियमातलं एक अक्षर मोडायचं नाही. फक्त आणखी एक प्रश्न. ताट कुठे वाढता, चपला कुठे असतात, खाटेवर कोण निजतं. म्हातारी अशा प्रश्नांना फार वेळ पुरी पडली नसती. कदाचित कुणीतरी विचारावं म्हणूनच ती उंबऱ्याशी तेवढा वेळ बसून राहिली होती. तुम्ही घाबरलात. मी घाबरले नव्हते, माझ्याजवळ फक्त चांगलं अक्षर होतं, आणि ते मी तो खोटा जबाब लिहायला वापरलं.

निवेदन तिथेच लिहिलं. मग तिने एक वेगळा कागद पुढे केला. मुलीच्या बापाचा सध्याचा पत्ता माहीत असल्यास लिहा. त्याशिवाय त्याच्याकडून मुलीचा खर्च वसूल करता येत नाही. सून म्हणाली, "मला माहीत नाही." ते खरं होतं. मला माहीत होता. एकदा तो मला तिथे घेऊन गेला होता, चहा पाजला होता, आणि ती दुसरी बाई मला "हाय" म्हणून आत निघून गेली होती. मी पेन उचललं.

निघताना मी पोच मागितली. ही सवय तुमची. कागद दिला की पोच घ्यायची, मग समोर कलेक्टर असो. त्या बाईने खोकत खोकत शिक्का मारून दिला. आज संध्याकाळी मुलाचा फोन आला, मीच घेतला आणि त्याला सगळं सांगितलं. "आई, तू माझी आई आहेस ना?" एवढं म्हणून त्याने ठेवून दिला. पुन्हा करेल की नाही, सांगता येत नाही. मदत मंजूर झाल्याचं अजून कळायचं आहे. नात झोपली आहे, कान आज वाहिला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. पोचेबरोबर घडी करून ठेवते आहे. तुमच्या पद्धतीने नोंद करून थांबते.

दिलं ते असं: माझं निवेदन, पान एक, सहीसह. नातीच्या जन्मदाखल्याची नक्कल. घराच्या लीजची नक्कल. सुनेचा पासपोर्ट, बघून परत मिळाला. मुलाचा पत्ता आणि ऑफिसचा फोन, माझ्या अक्षरात, वेगळ्या कागदावर. त्यात खाडाखोड एक, अपार्टमेंटच्या नंबरात, खरा नंबर वर लिहून, बाजूला माझी सही. पोच मिळाली.

आधी लिहिलेला नंबर चुकून लिहिला नव्हता.