ड तुकडीतला गुडघा

आदरणीय विहीणबाईंना नमस्कार. तुमच्या कंबरेला वेगळा नमस्कार, कारण ती हल्ली तुमचंही ऐकत नाही असं कळलं. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

माझ्या गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाला धरून म्हणाला, "आजी, डीजनरेशन आहे." मला वाटलं, ड तुकडी! शाळेत होते तेवढे दिवस मी ड तुकडीतच होते, पण ते हाडावर उमटतं हे ठाऊक नव्हतं. 'झिजलाय' म्हणाला असता तर तेल चोळून गप्प बसले असते. इंग्रजीत सांगितलं म्हणून घरात बैठक बसली. तुमच्या जावयाने (माझाच पोटचा गोळा, नाकारू कशी?) ठरवलं, की आईला स्वयंपाकघरामागच्या खोलीत हलवायचं. तिथे सध्या मोडकी सायकल राहते. माझ्या वरच्या खोलीत साहेबांचं ऑफिस होणार. झिजला माझा गुडघा, फावलं याचं!

तेव्हापासून त्या शब्दाला ऊत आलाय. सूनबाई (तुमचं रत्न) मिक्सरचं डीजनरेशन झालं म्हणते, नळवाला पाइपाचं. शेवटी नातीने जाडजूड कोश उघडला. शब्द निघाला लॅटिनमधला. (लॅटिन म्हणजे इंग्रजीची मानलेली आजी. तिलाही मागच्या खोलीत टाकलं असणार, हल्ली तिच्याशी कुणी बोलत नाही.) 'डे' म्हणजे खाली, 'जेनस' म्हणजे कूळ. आपल्या कुळाच्या गुणांवरून घसरणं!

मग सांगा, घसरलं कोण? माझ्या आईचा गुडघाही असाच करकरायचा. माझा तर कुळाला धरून आहे. याच्या बापाने मात्र आपल्या आईला कधी खोली सोड म्हटलं नाही. जेवताना सगळ्यांसमोर हे बोलले. लेक म्हणाला, "अगं आई, डॉक्टर गुडघ्याबद्दल बोलत होते." म्हटलं, "मी नाही बोलत." त्याच्या सासरच्या कुळाबद्दल मी काय लिहू? पत्र तुम्हीच वाचताय.

आपली विहीण,
(अजून) वरच्या खोलीतली

ता. क. त्या कंबरेनिशी तुम्ही जिना चढून आलात आणि आठवडाभर माझ्यापाशी राहिलात, तर लेक-सून दोघांची तोंडं बंद होतील. सासूसमोर जावई खोली कसली मागतोय!

आणखी एक. आल्यावर मला खाली बोलवू नका. त्या जेवणानंतर जिना चढले ती चढलेच, आता उतरता येत नाही. घरच्यांना वाटतंय मी रुसून बसलेय. वाटू दे. हे पत्रही पिशवीत घालून खिडकीतून शेजारणीकडे सोडतेय. तुमच्याकडे दोन काठ्या आहेत ना? दोन्ही आणा.