थानास घड्याळजीच्या दोन मुली

मी, ओलिंबी थानास बिम्बली, वय सत्तर, अविवाहित, वीटभट्टीवरची निवृत्त कामगार, राहणार कोर्चा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपणाखाली मी सतराव्या वर्षीही काही लिहिलं नव्हतं.

१. राहतं घर शेजारच्या क्लेआ गेगा हिला द्यावं. ती नऊ वर्षांची आहे. बाईंशी वाद घालते म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवतात. तिच्या आईने घर विकून तिला हवं ते शिकवावं. गप्प बसायला मात्र शिकवू नये. माझ्या वडिलांची घड्याळदुरुस्तीची हत्यारंही तिचीच. मोडली तरी चालतील.

२. धाकटी बहीण एर्मिओनी, शिक्षणशास्त्राची डॉक्टर, हिला घरातला चमचाही देऊ नये. कारण नोंदवते. १९७१ साली वडील सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल तुरुंगात होते. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींपुढे कागद ठेवला : 'हा माणूस आमचा कोणी नव्हे.' सही केली तर पुढचं शिक्षण, नाहीतर वीटभट्टी. गणितात मी शाळेत पहिली होते.

"लहानपणापासूनची हट्टी तू," ते म्हणाले. "बहिणीकडे बघ जरा."

बहिणीने तेवढ्यात सही करून पेनाला टोपणही लावलं होतं.

पुढे आमच्या या डॉक्टर बहीणबाईंनी प्रबंध लिहिला : मूल किती शिकणार, हे घरचं वळण आणि बालपणीचा स्वभाव ठरवतात. आज्ञाधारक मुलं पुढे जातात म्हणे. एवढ्यासाठी डॉक्टर व्हावं लागतं! गेल्या ईस्टरला माझ्याच हातचं भाजी भरून भाजलेलं लाक्रोर खात मला विचारते, "ओली, एकाच घरात वाढलो गं आपण. मग तूच कशी मागे राहिलीस?"

"तुझ्याच पुस्तकात बघ," मी म्हटलं. "भेकडांवर एखादं प्रकरण असेल."

ती रडली. रडतानाही रुमालाची घडी मोडली नाही.

३. कपाटातलं वडिलांचं पत्र मात्र तिला द्यावं. वडील तुरुंगातच वारले. त्यांच्या सुटलेल्या सोबत्याने ते मला एक्क्याण्णव साली आणून दिलं. त्यात एवढंच आहे : "पोरींनो, कागद पुढे करतील. दोघीही सही करा. मला राग यायचा नाही. शिका."

तेहतीस वर्षं मी हे तिला दाखवलं नाही. ती त्या सहीची लाज वागवत राहिली आणि मी बघत राहिले. सही न करून मी वडिलांची राखण केली, असं समजून मी विटा वाहिल्या होत्या. तो नुसता माझाच हट्ट होता, हे तिच्यापुढे कबूल करायची माझी छाती झाली नाही.

नोटरीबाईंनी हे वाचून "एवढं गाळू या का?" असं विचारलं. गाळू नये.

कोर्चा, १२ नोव्हेंबर २०२४
सही : ओलिंबी बिम्बली

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार :
सोतिर मानो, पाववाले
दोनिका प्रिफ्ती, शिवणकाम