पाच फोटोंतली रेनीटा

क्लार्क्सडेल, ९ ऑक्टोबर १९९४

चि. रेनीटास आजी अर्लीनचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेचं गुळगुळीत माहितीपुस्तक आईनं पाठवलं. एका पुस्तकात पाच ठिकाणी तू! कुठे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, कुठे पोहण्याच्या तलावाकाठी, आणि शेवटच्या पानावर तुझ्याएवढाच चेलो, व्हायोलिनचा थोरला भाऊच तो, गुडघ्यांत धरून. अगं, हे कधी शिकलीस? चर्चमध्ये मी पुस्तक बाकाबाकांवरून फिरवलं. लव्हीबाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि विचारलं, की मेम्फिसच्या त्या शाळेला दुसरं पोर मिळालं नाही वाटतं? जळते मेली! नोव्हेंबरात तू इथे वाजवणार, असा शब्द मी पाद्रीबाबांना देऊन बसले आहे. म्हातारीची मान खाली जाऊ देऊ नकोस.

माया आहेच, पत्र पाठवलंस की दुप्पट होते.
तुझी आजी

मेम्फिस, १५ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मला चेलो येत नाही. फोटोवाला आला की बाई मला वर्गातून बोलावतात. स्वेटर बदल, इथे बस, हे धर. नीट बघ, गज उजव्या हातात हवा, माझ्या डाव्या हातात आहे. कुणाच्याच लक्षात आलं नाही. शाळा कुठल्याही चर्चची नाही, दार सगळ्यांना उघडं, असं पहिल्याच पानावर छापलंय. चारशे मुलांत आम्ही काळी अकरा. पुस्तक बघणाऱ्याला वाटावं, निम्मी शाळा आमचीच! जेवताना मात्र माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. मला मावसभावंडांच्या सरकारी शाळेत जायचंय. आई म्हणते, आणखी चार वर्षं कळ काढ. आठ नोव्हेंबरला फोटोवाला पुन्हा येतोय. काय करू?

लोभ कमी करू नकोस.
रेनीटा

क्लार्क्सडेल, २४ ऑक्टोबर

चि. रेनीटास अनेक आशीर्वाद.

काल चर्चमध्ये उभी राहून सांगून टाकलं, की पोरीला वाजवता येत नाही, फुशारकी माझी. तर लव्हीबाई म्हणाल्या, की त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. नवरा व्हायोलिन वाजवायचा ना त्यांचा! मग बोलली का नाहीस गं, असं विचारलं, तर म्हणे तुझा चेहरा एवढा फुललेला, कोण बोलणार. घरी येऊन मी रडले. पाच पाच फोटो पाहिले, पण पोर एकटी जेवते हे एकातही दिसलं नाही मला.

राहायचं की सोडायचं, तू ठरव. सोडलंस तर तुझ्या आईला मी बघते. पण येत नाही ते हातात धरू नकोस. धरायला लावलंच, तर म्हणावं, आधी शिकवा.

मुरंब्याची बाटली पाठवते आहे, मायेसकट.
आजी

मेम्फिस, ५ मार्च १९९५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच म्हटलं, सगळ्यांदेखत. मुख्याध्यापिकांचे कान लाल झाले. संगीताचे हॅल्व्हरसन सर तेवढे म्हणाले, की दुपारच्या सुट्टीत येत जा. आता डबा त्यांच्याच खोलीत खाते. सातवीतली डेल्फीनही येते, आम्हा अकरांतलीच.

नवं पुस्तक आलं. मी एकाच फोटोत आहे, तोंडात सँडविच कोंबलेली. चेलोच्या पानावर यंदा एक गोरा मुलगा बसवलाय. मे महिन्यापर्यंत इथे राहते. पुढचं मेमध्ये ठरवीन.

ईस्टरला येते. एकच धून येते, तीही अडखळत. लव्हीबाईंना पहिल्या बाकावर बसव आणि चष्मा पुसून ठेवायला सांग. गज उजव्या हातात असेल.

तुझ्याच लोभातली,
रेनीटा