आजोबांच्या छातीतला चिखल

ली सोन बेट,
१० मार्च १९९८

सा की बंदरावर बसून शेवया ओरपायला तुला वेळ होता, आणि होडीत बसून पलीकडे आजीकडे यायला नव्हता! लोई म्हातारीने तुला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिला मोतीबिंदू आहे, पण तुझं शेवया खाणं नुसत्या आवाजावरूनही ओळखता येतं, असं ती म्हणाली. नव्या वर्षाला आली नाहीस ते गिळलं. हे गिळवत नाही.

बरं, आता रीतीचं. चि. त्राम हिला आजीचे आशीर्वाद. आम्ही इथे धडधाकट आहोत, तूही तशीच अस.

लसूण काढून झाला. गड्डे यंदा बारीक आहेत, पण तिखट माझ्या तोंडासारखे. तानकाका होडीला डांबर लावतोय आणि रोज विचारतो, त्रामचं जहाज आपल्या बाजूला कधी येणार. तुझे आईबाप गेल्यावर त्यानेच तुला खांद्यावर बसवून पोहायला शिकवलं, म्हणून त्याला वाटतं जहाजही तूच चालवतेस. मी सांगितलं, ती चालवत नाही, चिखल बघते. समुद्राच्या तळातला चिखल नळीने वर ओढायचा आणि तो पाहून खाली तेल आहे की नाही ते सांगायचं, एवढ्यासाठी तुला शहरात इतकी वर्षं शिकवलं. मी अंगणात बसून कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगते, मला कुणी पगार देत नाही.

एक काम आहे. जहाज होआंग सा बेटांच्या अलीकडे, खडकांपाशी जाणार असं तू लिहिलंस. तुझ्या आजोबांची होडी शेवटची तिथेच दिसली होती. माणूस सापडला नाही, म्हणून आपल्या रीतीने वाऱ्याची कबर केली: डोंगराची माती मळली, तुतीच्या काड्यांची हाडं घातली, पुतळा केला आणि तो पुरला. जन्मात ते डोंगर चढले नाहीत. चढ लागला की बायकोला पुढे धाडायचे. उद्या मला त्यांच्या शेजारी पुरतील. मी काय डोंगराशेजारी झोपू? तर तिथला मूठभर चिखल मला पाठव. तेवढ्याने समुद्राला खड्डा पडणार नाही.

लोभ आहे, पण शेवयांमुळे थोडा कमी झाला आहे.

तुझी
आजी

वुंग ताऊ,
२४ एप्रिल १९९८

ती. आजीस त्रामचा शि. सा. न., वि. वि.

शेवयांचा गुन्हा कबूल. जहाज सुटायची घाई होती. लोईआजींना सांग, तो आवाज माझा नव्हता, शेजारी बसलेल्या ड्रायव्हरचा होता.

ही सफर चांगली झाली नाही. आम्ही नळी पाण्यात सोडली की पलीकडच्या देशाचं करडं जहाज येऊन आमच्याभोवती फिरायचं. कर्ण्यावरून सांगायचं, हे पाणी आमचं आहे, निघा. आमचे कप्तान कर्ण्यावरून सांगायचे, हे पाणी आमचं आहे, तुम्हीच निघा. दोन्हीकडे तेच वाक्य आणि तोच सूर. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. मग एकदा ते इतकं जवळ आलं की त्यांच्या दोरीवर वाळणारे बनियन दिसले, त्यावरची भोकंसुद्धा. त्यानंतर कुणी हसलं नाही. आम्ही तरंगती जाकिटं अंगात घालूनच झोपायचो.

तुझं काम केलं आहे. नळीच्या टोकाशी थोडा चिखल उरतो, तो आम्ही धुऊन टाकतो. तोच मी दूधपावडरीच्या डब्यात भरला. जहाजावरून काहीही बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. धुऊन टाकायचा चिखल त्यात मोडतो की नाही हे मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते ठाऊक होतं. म्हणून कुणाजवळ बोलू नकोस. काका लसूण घेऊन इकडे आले आहेत, त्यांच्याबरोबर डबा देते.

आजी, तो चिखल हातात घेतला तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं. आजोबांना मी पाहिलेलंच नाही. थंड होता, एवढंच.

लोभ कमी झाला असेल तर भरून काढावा.

तुझी
त्राम

ली सोन,
२० मे १९९८

चि. त्राम हिला आशीर्वाद.

डबा पोचला. समुद्रात कधी न ओकणारा तान बसमध्ये ओकला, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

होडी ज्या दिवशी निघाली तोच आपण मरणाचा दिवस धरतो, म्हणून त्या दिवशीच कबर उघडली. पुजारी कुरकुरला, पुरलेल्याला उकरायचं नसतं म्हणाला. मी म्हटलं, पुरलंय कुठे, आज तर आणतेय त्यांना. पुतळ्याच्या छातीत जागा करून तानने स्वतः चिखल भरला आणि वरून माती लिंपली. बाप गेला तेव्हा तो एवढासा होता, त्याला चेहराही आठवत नाही. लिंपून झालं तरी हात काढेना. भात निवतोय म्हणून ओरडले तेव्हा उठला.

जेवायला सगळी आळी होती. कुणाजवळ बोलू नकोस असं तू लिहिलं होतंस, पण अगं, आपल्या माणसांपासून काय लपवायचं? मी सांगितलं, माझ्या नातीने भर समुद्रातून, तेलाच्या जागेवरून चिखल पाठवलाय, तोही त्या करड्या जहाजाच्या नाकावर टिच्चून. रिकामा डबा पंगतीत फिरला. प्रत्येकाने हुंगला. कुणाला रॉकेलचा वास आला, कुणाला मासळीचा. लोईला दुधाचा आला. लसूण घेणारा एक परगावचा व्यापारीही जेवायला होता. त्याने डबा दोनदा मागून घेतला आणि तुझं नाव, तुझ्या जहाजाचं नाव, सगळं आपुलकीने विचारलं. भला माणूस.

आता त्यांच्या शेजारी झोपायला माझी हरकत नाही. घाईही नाही.

तुझ्यावरचा लोभ पूर्ववत केला आहे.

आजी

वुंग ताऊ,
१८ जून १९९८

ती. आजीस सा. न.

हे पत्र वाचून चुलीत घाल.

मला जहाजावरून उतरवलं आहे. चौकशीला माणसं आली होती. चिखल कुणाला दिला, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारतात. कुठे तेल असेल हे चिखलावरून कळतं, आणि ते कळायला पलीकडचे टपले आहेत. त्या भांडणाच्या पाण्यातला चिखल बाहेर गेला म्हणजे तो त्यांनाच विकला, असं धरतात. त्यांना दुधाचा डबा माहीत आहे. बेट माहीत आहे, जेवण माहीत आहे. कुणी सांगितलं ते मी विचारत नाही.

महिनाअखेरपर्यंत चिखल आणून दाखवायचा, नाहीतर तुरुंग. मी सांगितलं, घरी वास यायला लागला म्हणून आजीने समुद्रात फेकला. खरं सांगितलं असतं तर ती माणसं फावडी घेऊन बेटावर आली असती आणि काकांच्या डोळ्यांदेखत आजोबांना उकरलं असतं. ते मला सहन होणार नाही. कुणी विचारायला आलं तर तूही हेच सांग. कबर उघडू नकोस. पुढचं मी बघेन. नियम मला ठाऊक होता, तुला नव्हता. चूक माझी आहे.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

त्राम

ली सोन,
२ जुलै १९९८

चि. त्राम,

तुझं पत्र चुलीत घातलं नाही, तानला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बापाला पुन्हा उघडायचं नाही, तिच्याऐवजी मी तुरुंगात बसतो. मी म्हटलं, तुला तिथे कोण ठेवून घेईल, तू घोरतोस. तो हसला नाही. पुजाऱ्याने मला पाहून दार लावून घेतलं.

मग मी लसणाची कुदळ घेतली. तान कबरीपुढे येऊन उभा राहिला. त्याला ढकलून बाजूला केलं. तो माझ्या दुप्पट आहे, त्राम. मी ढकललं म्हणजे त्याने ढकलू दिलं. मग तो तिथे थांबला नाही.

डोंगराची माती सुकून तडकली होती. समुद्राचा चिखल मात्र काळा, ओला, आपला वेगळाच राहिला होता, मातीत मिसळला नव्हता. भाताच्या चमच्याने काढला. सगळा नाही निघाला. छातीत खड्डा राहिला.

महिना संपायच्या आत डबा घेऊन मी प्रांताच्या मुख्य गावी त्या चौकशीवाल्यांच्या कचेरीत गेले. साहेब म्हणजे कालचं पोर. टेबलावर डबा ठेवला तर नाकाला रुमाल लावला. समुद्रात फेकला ते खोटं, कबरीत होता ते खरं, असं सांगितलं. हा तोच चिखल कशावरून, म्हणाला. मी म्हटलं, चाखून बघ, डोंगर खारट नसतो. त्याने चाखला नाही, पण लिहून घेतलं. बाहेर कुणी बोललं ते विचारलं. मी म्हटलं, मीच, हे तोंड. त्या व्यापाऱ्याचं नाव मला सांगता आलं नाही. माझ्या घरी जेवला आणि मी त्याचं नाव विचारलं नाही. त्याने तुझं विचारलं.

चूक तुझी म्हणतेस. तू चिखल आणलास, मी तो गावभर मिरवला. वाटणी करायची तर मोठा वाटा माझ्याकडे दे.

जेवत जा.

आजी

वुंग ताऊ,
२५ जुलै १९९८

ती. आजीस शि. सा. न., वि. वि.

चौकशी मिटली. तपासला तेव्हा चिखल तोच निघाला. मी परत मागितला, पण तपासताना भट्टीत जळून गेला, म्हणाले. त्यात तेलाचा मागमूसही नव्हता. आता आमचं जहाज त्या खडकांकडे पुन्हा जाणार नाही. करडं जहाज अजून तिथेच घिरट्या घालतंय म्हणे.

मला यापुढे समुद्रावर पाठवणार नाहीत. कोठारात नमुन्यांच्या पेट्या लावते, त्या उघडायची मुभा नाही. समुद्र खिडकीतून दिसतो.

आजी, मी नको म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस म्हणून मी आज बाहेर आहे, आणि तरी मला तुझा राग येतो. आला की माझीच लाज वाटते. बेटावर यायचं मनात येतं, पण कबरीजवळून जावं लागेल. काकांना पत्र लिहायला घेते आणि 'काका' या शब्दापुढे हात चालत नाही.

तुझा लोभ आहे हे कळलं. तो इतका नसता तर बरं झालं असतं, असंही वाटतं.

त्राम

ली सोन,
१२ ऑगस्ट १९९८

चि. त्राम हिला आशीर्वाद.

राग येतो असं लिहिलंस ते बरं केलंस. पोटात ठेवला असतास तर आंबला असता. येऊ दे. तू बाहेर आहेस, बसून राग करायला मोकळी आहेस, मला तेवढं पुरे. तरी ती कुदळ माझ्या हातातून अजून सुटत नाही.

कबर तानने बुजवली. एकट्याने. खड्ड्यात काय भरलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे जेवत नाही. लाकडं फोडून देतो, पाणी भरतो, होडी लागली की चांगला मासा माझ्या दाराशी ठेवतो आणि पाठ फिरवतो. मी तो शिजवून त्याच्याकडे नेऊन ठेवते. वाडगा धुतलेला परत येतो. शब्द येत नाही. मला वाटलं कुदळीचा राग आहे. आहेच. पण परवा तो लोईजवळ म्हणाला, त्रामने मला एका ओळीने विचारलं असतं, तर मी माझ्या हाताने काढून दिला असता.

मी बसून विचार केला. चिखल मागितला मी, तुझ्याजवळ. कबर उघडू नकोस म्हणालीस तू, मला. उघडली मी, माझ्या मताने. तुझी सगळी पत्रं माझ्या नावाने आली. बाप त्याचा होता, आणि त्यालाच कुणी विचारलं नाही. तो आडवा उभा राहिला तेव्हासुद्धा मी त्याला ढकललं, विचारलं नाही. आता विचारायला गेले तर तो निघून जातो, आणि मला विचारता येतही नाही. माझ्या तोंडून विचारणं निघालं तरी हुकूम वाटतो.

तुझ्यासाठी लसणाची माळ ठेवली आहे, येशील तेव्हा ने. लोभ होता तेवढाच आहे, वाढायला आता जागा नाही.

तुझी
आजी

ता. क. या पत्राला मला उत्तर लिहू नकोस. तानला लिही, पाकिटावर त्याचंच नाव घाल. 'काका'च्या पुढे काय ते सुचत नसेल तर वेडंवाकडं लिही, पण अक्षर मोठं काढ, त्याला जेमतेम वाचता येतं आणि मी वाचून दाखवणार नाही. उत्तर त्यानेच द्यायचं. ते हातात पडेपर्यंत तू मला एक ओळसुद्धा लिहायची नाहीस.