नाव लागलं, पुढे काय?

आई, तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी भांडावंसं वाटतंय.

कारखान्यातली पाळी संपली की तू मला बोटाला धरून विश्रांतवाडीच्या वस्तीत दारोदार हिंडायचीस. मतदार यादीत बायकांची नावं घालायची, तीही त्यांची स्वतःची. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नाही. एका दारात नवरा आडवा उभा आहे. म्हणतो, "आमची मंडळी म्हणून लिहा की. नाव कशाला हवं?" तू आवाज चढवत नाहीस. "मंडळी मत देत नाही, दादा. बाई देते." मग उंबऱ्यावरच बसतेस. मला भूक लागलीय, मी कुरकुरते, तर माझ्यावरच डोळे वटारतेस. बऱ्याच वेळाने आतून ती बाई स्वतःचं नाव सांगते, इतक्या हळू की तुला पुन्हा विचारावं लागतं. परतताना तू म्हणालीस, "एकदा नाव लागलं, की पुढचं त्या बघून घेतील."

आता आमच्या प्रभागातून बाई निवडून आलीय. गल्लीतले दिवे बंद पडले होते. सून हिंजवडीहून कंपनीच्या बसने उशिरा येते आणि कोपऱ्यापासून अंधारात चालते, म्हणून मी बाईंच्या कार्यालयात गेले. बाहेर पाटी तिच्या नावाची, आत खुर्चीत तिचा नवरा. मी म्हटलं, मला बाईंशी बोलायचंय. तो हसून म्हणाला, अहो काकू, सगळं मीच बघतो, तिला घरचं असतं. तेवढ्यात तीच चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, "मत मी तुम्हाला दिलंय." तिने कप ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, त्यांच्याशीच बोला ना."

मी चहा न पिता उठले. दिवे मात्र लगेच लागले. त्याने एक फोन केला असेल. हेच जास्त सलतंय. सून म्हणते, "काम झालं ना आई, मग कशाला टेन्शन घेता?"

हे कागद मी घडी करून फाडणार आहे. तुझ्या तोंडावर तर मी हे कधीच बोलले नसते. पण खरं सांगू? त्या माणसाचा मला फारसा राग आला नाही. तिचा आला. आणि त्याहून जास्त तुझा, कारण अवघड काम उरकलंय असं मी तुझ्या भरवशावर धरून चालले होते.